तीन रविवारांचं सुतक

आमच्या घरात रविवार ऐकू यायचा तो स्टीलच्या ताटातून. फासे जमिनीवर टाकले की हमखास कपाटाखाली जायचे, आणि केरसुणीची काठी घालून ते बाहेर काढेपर्यंत खेळ अडून राहायचा. या प्रकाराला कंटाळून आईने एके दिवशी तिच्या लग्नात आहेर आलेलं एक जड ताट आमच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाली, "यात टाका काय टाकायचं ते." वीस बाजूंचा फासा त्या ताटात पडला की चांगला खणखणायचा. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा आईला जिन्यात गाठून विचारलंसुद्धा, की तुमच्याकडे दर रविवारी पाहुणे असतात का हो, भांड्यांचा फार आवाज येतो. आईने सांगितलं, "पाहुणे कसले, मुलं राक्षस मारतात." काकूंनी पुन्हा विचारलं नाही.

राक्षस मारतात हे अर्धंच खरं होतं. या खेळाला पट नसतो, सोंगट्या नसतात, कोणी जिंकत नाही. एकजण गोष्ट सांगतो: तुम्ही अशा अशा गावात आलात, पुढे जंगल आहे, जंगलात पडका किल्ला आहे. बाकीच्यांनी एकेक माणूस घ्यायचा. कोणी लढवय्या, कोणी मांत्रिक, मी चोर. आपला माणूस काय करतो ते आपण सांगायचं आणि ते त्याला साधलं की नाही ते फाशाला विचारायचं. गोष्ट सांगायचा दादा. खेळायला मी, दादाचा शाळेपासूनचा मित्र साळवी आणि त्याचे दोन मावसभाऊ. डोंबिवलीतल्या आमच्या वन-रूम-किचनमध्ये आम्ही पाचजण चटईवर दाटीवाटीने बसायचो, बाबा गॅलरीत पेपर तोंडासमोर धरून सगळं ऐकायचे, आणि चारच्या सुमाराला आई घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ आणायची. साळवी उसळीसाठी येतो की खेळासाठी, याची आम्हाला शेवटपर्यंत खात्री नव्हती.

दादाबद्दल आता सांगायला हवं. तो माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. इंजिनियरिंगला बाहेरगावी होता; तिसऱ्या वर्षी काहीतरी बिनसलं, विषय राहिले, पुन्हा राहिले, आणि एका दुपारी तो होल्डॉल घेऊन दारात उभा राहिला. नंतर तो घरातच राहिला. सुरुवातीला संध्याकाळी खाली उतरायचा. पण बिल्डिंगच्या गेटपाशी कोणी ना कोणी असायचंच आणि "काय मग, हल्ली काय करतोस?" हा प्रश्न आमच्याकडे जेवलास का इतक्या सहज विचारतात. काही महिन्यांत त्याचं जाणं कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत आलं, मग दारापर्यंत, मग तेही थांबलं. आई डॉक्टरकडे चल म्हणायची, बाबा काहीच म्हणायचे नाहीत. आज मी शिकवते त्या शाळेत असा मुलगा दिसला तर मी काय करावं ते मला ठाऊक आहे; तेव्हा आमच्या घरात याला नावसुद्धा नव्हतं. आठवड्याचे सहा दिवस तो भिंतीकडे तोंड करून असायचा आणि रविवारी चटईवर बसला की त्याचा आवाज बदलायचा. किल्ल्याचा दरवाजा कसा करकरला हे तो सांगायचा तेव्हा बाबांचा पेपर खाली यायचा.

खेळाचं जाडजूड इंग्रजी पुस्तक दादाने हॉस्टेलमधल्या कोणाकडून तरी घेऊन झेरॉक्स केलं होतं. ते वाचलं होतं फक्त त्याने. आम्हाला इंग्रजी येत नव्हतं असं नाही. पण आमच्याकडे चातुर्मासात पोथी लागायची तेव्हा वाचणारा एक आणि ऐकणारे बाकीचे, ही रीत इतकी अंगात मुरलेली की दादाने वाचलंय ना, मग आपण कशाला उघडायचं, असं आम्ही सगळ्यांनीच धरून चाललो. कधी शंका आली तर दादा मांडीवर झेरॉक्सचा गठ्ठा घ्यायचा, पानं उलटायचा आणि सांगायचा, "असं दिलंय." विषय संपायचा. पोथीत लिहिलंय म्हटल्यावर कोण वाद घालतो?

त्या गठ्ठ्यातला आमचा सगळ्यात लाडका नियम मरणाचा. आपला माणूस मेला, तर तीन रविवार सुतक. खेळायला यायचं, पण फाशाला हात लावायचा नाही, गप्प बसून ऐकायचं. तिसऱ्या रविवारी खेळ सुरू होण्याआधी बाकीच्या प्रत्येकाने मेलेल्याची एक आठवण सांगायची, रडगाणं नको, घडलेली गोष्ट. ते झालं की मगच नवा माणूस घ्यायचा. साळवीचा भैरू नावाचा लढवय्या पुलावर पडला तेव्हा साळवी तीन रविवार ताटाकडे बघत नुसती उसळ खात बसला. तिसऱ्या रविवारी आम्ही आठवणी सांगितल्या, आणि सगळ्यांचं झाल्यावर आई ओट्यापासून म्हणाली, "माझी पण एक आहे. त्या भैरूने एकदा म्हातारीला पाठीवर घेऊन नदी ओलांडली होती. तुम्ही सगळे तिला सोडून पुढे निघाला होतात." आम्ही ते विसरलो होतो. साळवीचे डोळे भरून आले आणि त्याने ते उसळ तिखट झाल्यावर ढकललं.

ठाण्याला या खेळाच्या लोकांचं संमेलन आहे, ही बातमी साळवीने आणली. दिवसभराचं, नौपाड्यात, मुंबई-पुण्याहून माणसं येणार, आणि कोणालाही टेबल मागता येतं, म्हणजे त्या टेबलाला बसलेल्यांना आपली गोष्ट सांगता येते. त्याने दादाला न विचारता दादाच्या नावाने टेबल मागून टाकलं होतं. मला वाटलं आता दादा खोलीचं दार लावून घेणार. पण त्याने नखं बघत विचारलं, "किती जण असतील टेबलाला?" पाच, साळवी म्हणाला. "पाच चालतील," दादा म्हणाला. आईने माझ्याकडे पाहिलं, ती नजर मला अजून दिसते. दीड वर्षाने मुलगा उंबरा ओलांडायचं म्हणत होता. तो दिवस नीट पार पडला तर पुढचे दिवस कदाचित मिळतील, आणि बिघडला तर हे दार पुन्हा कधी उघडेल कोण जाणे, हे आम्हाला चौघांनाही कळत होतं. त्या सकाळी बाबांनी दादाचा निळा शर्ट स्वतः इस्त्री केला. बाबांना मी इस्त्री हातात घेतलेलं त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि कॉलर बघता ते खरंच पहिल्यांदा असावं.

लोकलच्या गर्दीत दादाला नेणं शक्य नव्हतं, म्हणून साळवीने काकांची ओम्नी आणली आणि आम्ही शिळफाट्याने गेलो. दादा खिडकीशी, मांडीवर गठ्ठा. संमेलन होतं एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर, कारण ठाण्यात परवडेल असा हॉल तेवढाच मिळाला होता म्हणे. खालच्या मजल्यावर खरंखुरं लग्न चालू होतं. सनईची टेप, अत्तरदाणी, आणि त्यातून वाट काढत वर जाणारी काळ्या झग्यातली, लाकडी तलवारी घेतलेली मुलं. टोकदार कान लावलेल्या एका मुलीला जिन्यात एका आजींनी थांबवलं आणि विचारलं, "तुम्ही मुलाकडच्या का?" वर खोल्यांच्या दारांवर 'वधूपक्ष' आणि 'वरपक्ष' अशा पाट्या तशाच होत्या, आमचं टेबल वरपक्षात आलं. दादा हसला. मी त्याला बाहेरच्या माणसांत हसताना पाहून इतकी हरखले की माझी जीभ सुटली, आणि पुढचं सगळं त्या सुटलेल्या जिभेने केलं.

टेबलाला पाच अनोळखी माणसं होती. त्यातला एक चष्मेवाला मुलगा, त्याच्यापुढे तेच पुस्तक, पण मूळ, पुठ्ठ्याच्या बांधणीचं, रंगीत. आणि त्याच्या शेजारी माजिवड्याचा हेमंत नावाचा तिशीतला दांडगा माणूस, गळ्यात सोन्याची साखळी, पुतण्याने वेड लावलं म्हणून पहिल्यांदाच आलेला. दादा कागद लावत होता तेवढ्यात हेमंतने विचारलं, "आपला मानूस मेला तं काय करायचा?" मी दादाच्या आधी बोलले. सुतकाचा नियम सांगितला, रंगवून सांगितला. चष्मेवाला म्हणाला, "असं काही नाहीये पुस्तकात." मी म्हटलं, आहे. तो म्हणाला, नाहीये. मी, माझ्या भावाने अख्खं पुस्तक वाचलंय या जोरावर, भर टेबलावर म्हणाले, "लावतोस पैज? काढ पान."

त्याने पान काढलं. त्याचं काही चुकलं नाही, तो वाईट मुलगाही नव्हता. त्याने मोठ्याने वाचलं: माणूस मेला की नवा कागद घ्या, नवा माणूस तयार करा, पाच मिनिटांत पुन्हा खेळात या. बस, एवढंच. सुतक नाही, आठवणी नाहीत. मी दादाकडे वळले. तो मान खाली घालून झेरॉक्सच्या गठ्ठ्याच्या कडा सारख्या करत होता, आणि मला एका क्षणात कळलं की तो नियम त्याने केला होता. तो आणि आणखी कोण जाणे किती. साळवी मागून म्हणाला, "म्हणजे मी तीन रविवार उगाच बसलो?" तो गमतीत म्हणाला असेल. दादा उठला, "आलोच" म्हणाला, आणि वरपक्षाच्या दारातून बाहेर गेला.

मी त्याच्या मागे जायला हवं होतं. हे वाक्य मी गेल्या वीस-बावीस वर्षांत मनात इतक्यांदा म्हटलंय की आता त्याची धार गेली आहे. साळवी त्याच्या मागे गेला. संयोजक आला, म्हणाला दोनच तास आहेत, कोणी चालवणार आहे का टेबल, नाहीतर यांना दुसरीकडे बसवतो. आणि मी दादाच्या खुर्चीत बसले. टेबल वाचवायचं म्हणून बसले, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. थोडं ते खरंही होतं. पण बसल्याबरोबर मला बरं वाटलं, हेही खरं. मी दादाचीच गोष्ट सांगायला लागले, पुलाची, पडक्या किल्ल्याची, त्याचेच शब्द, त्याचेच थांबे, आणि पाच अनोळखी माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती.

दीड तासाने हेमंतचा माणूस मेला. चष्मेवाल्याने लगेच कोरा कागद पुढे केला. हेमंतने तो बाजूला सारला. "नको. ती तुजी रीत करू," तो मला म्हणाला. "सुतकाला टाइम नाय, पन आठवनी सांगू." सगळ्यांनी सांगितल्या. दीड तासाच्या ओळखीच्या, कागदावरच्या माणसाच्या आठवणी. चष्मेवाल्याने तर सगळ्यात चांगली सांगितली. हेमंत गळ्यातली साखळी बोटाला गुंडाळत ऐकत होता. मग म्हणाला, "मांगल्या वर्साला माजा बापूस गेला. घरान सगली रडली. पन त्याचे गोष्टी कोनी बोल्ला नाय. आजून नाय बोलत. आईससमोर नाव काराची पन चोरी." खालून लग्नातली पंगत उठल्याचा गलका येत होता. मग त्याने विचारलं, "यो नियम कोनी केला?"

दादा तेव्हा दारात येऊन उभा होता. मी त्याला पाहिलं होतं. निळा शर्ट, एका बाजूला दुमडलेली कॉलर. मला एक शब्द बोलायचा होता, आणि मी म्हणाले, "आम्ही असाच खेळतो. सगळ्यांनी मिळून केलाय." पाचहीजणांनी टाळ्या वाजवल्या. संयोजकाने माझं नाव लिहून घेतलं. दादानेही टाळ्या वाजवल्या, ते मला सगळ्यात लागलं.

परत येताना ओम्नीत तो खिडकीबाहेर बघत होता. घरी आईने दारातच विचारलं, कसं झालं? तो म्हणाला, "हिने टेबल चालवलं. छान चालवलं." आणि खोलीत गेला. पुढच्या रविवारी साळवी आणि भाऊ आले, आईने घावणे केले, ताट मांडलं. दादा खोलीतून म्हणाला, "तूच चालव." मी नाही म्हटलं, तर तो म्हणाला मग नका खेळू, आणि कूस बदलली. त्याच्या पुढच्या रविवारी कोणी आलं नाही. आईने ताट घासून वरच्या फळीवर ठेवलं. बाबा गॅलरीत पेपर वाचत बसले, पण आता खरंच वाचत होते, पानं उलटल्याचा आवाज यायचा. दादा जेवायलाही बाहेर येईना, तेव्हा आई मला म्हणाली, "काय झालं तिथे ते मला सांगणार आहेस की नाही?" मी सांगितलं. सगळं, त्या एका शब्दासकट. मला वाटलं ती रागावेल. ती कणीक मळत राहिली आणि म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? ज्यांच्यासमोर खाल्लंस त्यांच्यासमोर ओक."

संमेलनात सगळ्यांनी एका कागदावर फोन नंबर लिहिले होते. मी हेमंतला फोन केला. सुरुवात कशी करायची ते चार वेळा घोकलं होतं, पण त्याचा "कोन?" ऐकल्यावर सगळं विसरले आणि एका दमात सांगून टाकलं, की तो नियम माझ्या भावाचा, एकट्याचा, मी खोटं बोलले, आणि तो आता दार लावून बसलाय. मग तो म्हणाला, "त्याला सांगलास का तू मना फोन केला त्यो?" नाही, मी म्हटलं. "मंग नको सांगू. पत्ता दे."

रविवारी तो आला. बुलेटचा आवाज गल्लीत शिरला तेव्हा खालच्या काकू गॅलरीत आल्या. हातात केळ्यांची फणी, जिना चढून धापा टाकत, आईला वाकून नमस्कार केला आणि मला विचारलं, "भाऊस कंच्या खोलीन हाय?" आमच्या घरात खोली एकच होती. तो सरळ आत गेला आणि दादाच्या गादीवर, पायापाशी बसला. दार उघडंच राहिलं, म्हणून मला सगळं ऐकू आलं. पंधरा दिवसांनी त्याच्या वडिलांचं वर्षश्राद्ध होतं. सगळी भावकी जमणार, भटजी येणार, जेवण होणार. त्याला हवं होतं की जेवणानंतर दादाने तिथे बसावं आणि सगळ्यांकडून एकेक आठवण बोलवून घ्यावी. "मना नाय जमनार. माजा ऐकनार नायत. परक्या मानसाचा ऐकतील."

"ते खोटं आहे," दादा म्हणाला. कित्येक दिवसांनी मी त्याचा आवाज ऐकत होते. "पुस्तकात तसं काही नाही. मी माझ्या मनाने घुसवलं."

"ते मी बघलाच ना, त्या चष्मेवाल्याने पान कारून दाखवलान," हेमंत म्हणाला. "पन पुस्तकवाल्याचा बापूस मेला नसंल तवा. तू येतंस का नाय, तेवरा सांग."

हेमंतने आईच्या हातचे तीन घावणे खाल्ले, चौथ्याला नको म्हणाला, आणि गेला. पंधरा दिवस दादा येतो म्हणाला नाही आणि येत नाही असंही म्हणाला नाही. त्या दिवशी सकाळी मी उठले तर तो आंघोळ करून बसला होता. बाबांनी काही न बोलता इस्त्रीची वायर लावली. मी चप्पल घालायला लागले, तेव्हा दादा म्हणाला, "तू नको येऊस." मी चप्पल काढली. गॅलरीतून पाहिलं: गेटपाशी दोघेजण होते, त्यातल्या एकाने त्याला थांबवून काहीतरी विचारलं. काय विचारलं असेल ते सांगायला नको. दादाने काहीतरी उत्तर दिलं आणि रिक्षात बसला. आई माझ्या मागे उभी होती, तिचा श्वास मला मानेवर लागत होता.

दिवस फार लांबला. आईने दोनदा डाळ करपवली. बाबा तीनदा खाली जाऊन आले, दूध आणायला, जे घरात होतं. ऊन उतरायच्या सुमाराला दादा आला, हातपाय धुतले, आणि आपणहून चटईवर बसला. आईने विचारलं, "झालं का रे नीट?"

तो सांगायला लागला, आणि तो त्याचा रविवारचा आवाज होता. आधी कोणी बोलेचना. काका मिशीवरून हात फिरवत बसले, बायका पदर तोंडाला लावून. मग एका म्हाताऱ्याने सांगितलं की हेमंतचा बाप तरुणपणी मिठागरावर कामाला असताना भरतीत बांध फुटला, तेव्हा हा बांधावर आडवा झोपला होता, माती येईपर्यंत. तिथून जे सुरू झालं ते थांबेना. शेवटी हेमंतची आई बोलली. वर्षभर न बोललेली बाई तासभर बोलली, मध्ये हसलीसुद्धा. निघताना तिने दादाच्या हातात नारळ दिला आणि विचारलं, पोरा, तुज्या घरी कोन कोन हाय?

"मग?" आई म्हणाली.

"सांगितलं. आई, बाबा," दादा म्हणाला. "आणि एक धाकटी बहीण. म्हटलं, तिने फोन केला म्हणून मी आज इथे आहे."

हेमंतने शेवटी सांगूनच टाकलं होतं तर. दादा हे माझ्याकडे न बघता, पायाचा तळवा चोळत बोलला. त्यात टोमणा नव्हता, मला शोधूनही सापडला नाही. भरल्या घरात, पन्नास परक्या माणसांसमोर त्याने माझं नाव घेतलं होतं. मला त्याच्या गळ्यात पडून रडायचं होतं. आमच्या घरात तशी पद्धत नव्हती, म्हणून मी विचारलं, "जेवलास का?" तो म्हणाला, "जेवलो. पण वाढ थोडं."